मदत हवी आहे: कंपोस्टच्या बादलीत अळ्या, सासूबाई बादली फेकायच्या तयारीत

नमस्कार मंडळी,
पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते, गॅलरीत बारा कुंड्या. दर वेळी खताची पिशवी विकत आणायचा कंटाळा आला, म्हणून मे महिन्यात रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादलीला भोकं पाडली. तळाला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), त्यावर रोजचा ओला कचरा, विरजण म्हणून आंबट ताक आणि गुळाचं पाणी.

पहिले तीन आठवडे झकास. बादलीला हात लावला तर कोमट लागायची, इतका आनंद झाला की नवऱ्यालाही हात लावायला लावला. मग पाऊस सुरू झाला आणि सगळं बिनसलं. बुडाशी काळं पाणी, झाकण उघडलं की कुजका वास, आणि परवा तर करड्या, चपट्या, जाडसर अळ्या. दोन-चार नाही, वळवळणारा थरच! सासूबाई म्हणतात, आजच्या आज फेक.

खरं सांगते, आंब्याच्या साली-कोयी भरपूर टाकल्यात. दोनदा उरलेला आमटीभातही. हे सगळं फेकूनच द्यावं लागेल का?

---

अजिबात फेकू नका. वर्णनावरून ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या वाटतात. त्या कचरा भराभर खातात, झाडांच्या मुळांना हात लावत नाहीत. त्यांची माशी चावतही नाही. किळस येते हे मान्य.

खरा घोटाळा पाण्याचा आहे. ओलं जास्त, सुकं कमी, त्यामुळे आत हवा नाही आणि कचऱ्याचं खत होण्याऐवजी तो सडतोय. सगळं एका घमेल्यात उपसा, कोयी आणि भाताचे गोळे वेचून काढा. मग सुकं मिसळा: वाळका पाला, फाडलेला पुठ्ठा किंवा सुताराकडचा भुसा. भुसा साध्या लाकडाचाच हवा, प्लायवूडचा नको, त्यात डिंक असतो. मूठभर घेऊन घट्ट दाबा. धार लागली तर आणखी सुकं घाला, जेमतेम एखादा थेंब आला तर जमलं. यापुढे एक वाटी ओल्याला दोन वाट्या सुकं, आणि तीन-चार दिवसांनी खालीवर करायचं. बादली विटांवर ठेवा, पावसाची झड लागू देऊ नका. ते काळं पाणी मात्र कुंड्यांना घालू नका.

पाला फेब्रुवारी-मार्चमध्येच पोत्यात भरून ठेवायचा असतो. रस्त्यावर ढिगाने पडलेला असतो तेव्हा कुणाला त्याची किंमत नसते.

---

खूप आभार! रविवारी उपसलं. भुसा मिळाला, सुताराने पैसेही घेतले नाहीत. तीन दिवसांत वास बराच गेलाय. अळ्या आहेत अजून, पण झाकण सासूबाईंसमोर उघडत नाही.

कोयी नऊ निघाल्या, त्यातल्या एकीला चांगला वीतभर कोंब आलाय, तांबूस पानांचा. टाकवत नाहीये. गॅलरीतल्या कुंडीत आंबा किती दिवस तग धरेल?