धुळ्यात फरशीखालचं हीटिंग कोणी बसवलंय का? (बजेट ४० हजार)

साक्रीरोडकर
हसू नका. मे महिन्यात ४४ अंश सोसणाऱ्या गावात फरशी गरम करायची चौकशी करतोय, कळतंय मला. पण जानेवारीतली इथली पहाट धुळेकरांना सांगायला नको. आई ७४ ची, गुडघे धरलेले, आणि पाचला अंघोळ करून अनवाणी पूजेला बसते. मोजे चालत नाहीत, चपलेचं तर नावच नको. तळमजला, १० बाय १२ ची खोली, देवघर तिथेच. खाली व्हिट्रिफाइड टाईल्स आहेत, त्या तशाही बदलायच्यात. बजेट ४०, त्यात फरशी आणि मजुरी धरून. इलेक्ट्रिक मॅट (टाईल्सखाली अंथरायची, तापणाऱ्या केबलची जाळी) घेऊ की गरम पाण्याचे पाइप?

केळीवाला_रावेर
भो, दोन्ही नको. हॉट-कोल्ड एसी घ्या. आम्ही दिवाळीत घेतला, दीड टनी, ५२ हजार. उन्हाळ्यातही कामाचा.

साक्रीरोडकर
दादा, बजेट ४० आहे. आणि गरम हवा वर जाते, आई खाली बसते.

केळीवाला_रावेर
मग १२ वाढवा.

सध्या_म्युनिक
मूळचा चोपड्याचा. आमच्याकडे घरभर पाण्याचेच पाइप आहेत. १६ मिमीचा पाइप, वर सहा सेंटीमीटर कोबा, पाणी ३५-४० अंशांचं. राहत्या खोलीची फरशी २९ च्या वर जाऊ द्यायची नाही असं इकडचं मानक आहे. बाहेर बर्फ, मी घरात अनवाणी. पाणीच घ्या, इलेक्ट्रिक म्हणजे पैसे जाळणं.

वायरमन_देवपूर
साहेब, तुमचं हीटिंग ऑक्टोबरात सुरू होतं ते एप्रिलपर्यंत चालतं. एवढा कोबा तापायला तासन्‌तास लागतात. यांना दोन महिने, तेही पहाटे दोन तास. शिवाय फरशी एवढी वर आली की उंबरा बुडाला, दार खालून कापा.

पांझरेकाठी
गच्चीवर सोलर असेल तर त्याचंच पाणी पाइपातून फिरवा. फुकट!

वायरमन_देवपूर
आणि पहाटे पाचला अंघोळ कशाने करायची?

कुंदाताई
आमचं अमळनेरकडचं धाब्याचं घर होतं तोवर सारवलेल्या जमिनीवर पाय असे कधी गारठले नाहीत. जमीन काही गरम नसायची. फरशी पायातली ऊब भराभर ओढून घेते, माती तशी घेत नाही, एवढंच. आता मुलाने खाली-वर सगळीकडे ग्रॅनाइट घातलंय. आल्या-गेल्याला दाखवायला छान, माझ्या टाचांना विचारा. पाटाखाली गोधडीची चौघडी टाका, झालं.

मेहुण्याचा_मेहुणा
मॅटच्या नादी लागू नका. आमच्या मेहुण्याने नाशिकला बसवली. गवंड्याच्या थापीने केबल कापली गेली, आणि कळलं कधी, तर टाईल्स लागून सांधे भरल्यावर. सोळा हजार जमिनीत पुरलेत. त्यावर सोफा ठेवलाय आता.

पांझरेकाठी
गोधडी टाका ना पाटाखाली.

कुंदाताई
तेच लिहिलंय वर.

शिरपूरनी_पोर
आमनाकडे शेगडी शे. बिल येत नही.

वायरमन_देवपूर
बंद खोलीत कोळशाची शेगडी अजिबात नको. धुराचा वास नसला तरी त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू जीव घेतो.

साक्रीरोडकर, मॅटचं गणित असं. चौरस मीटरला १५० वॅट धरा. तुमच्या खोलीत कपाट, पलंग सोडून सात चौरस मीटर उरतील, म्हणजे हजार वॅटच्या वर. तीन तास चाललं तर रोज तीन युनिट. वापर ३०० युनिटच्या पुढे जात असेल तर वरच्या युनिटांना चढा दर. तळमजल्याला खाली इन्सुलेशन बोर्ड पाहिजेच, नाहीतर तुम्ही जमीन तापवत बसाल. पाय नसलेलं, बूड जमिनीला टेकलेलं कपाट किंवा पेटीचा दिवाण मॅटवर येऊ द्यायचा नाही, खाली उष्णता कोंडते. तापमानाचा सेन्सर नळीतून टाका, बिघडला तर ओढून बदलता येतो. ३० एमएचं (मिलिअँपिअर) आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच, आणि खरं अर्थिंग. आणि केबल मेगरने (इन्सुलेशन शाबूत आहे का ते मोजणारं यंत्र) तपासायची, अंथरण्याआधी, अंथरल्यावर आणि टाईल्स लागल्यावर. मेहुण्यांकडे सांधे भरण्याआधी तपासणी झाली असती तर सोफा दुसरीकडे असता.

एवढं सांगूनही माझं मत नकोच. भिंतीवर रॉडचा हीटर लावा, अडीच हजारात काम.

केळीवाला_रावेर
एसी.

सध्या_म्युनिक
विषयांतर, पण भरताची वांगी या वर्षी कशी आहेत? इथे मिळतात ती पाणचट.

केळीवाला_रावेर
बामणोदची आली बाजारात. काल घरी भरीत आणि कळण्याची भाकरी. तुम्ही बर्फात बसा.

साक्रीरोडकर
मंडळी, सगळ्यांचे आभार, ऐकलं मात्र कोणाचंच नाही. मॅटच मागवली. पण खोलीभर नाही, देवघरासमोर एक बाय दोन मीटर, ३०० वॅट. साडेचारला टायमर लागेल, सातला बंद, पाऊण युनिट. बाकी खोलीला साध्या टाईल्स. गोधडी आईला दाखवली होती. म्हणाली, सोवळ्यात गोधडीवर बसू का? रॉडच्या हीटरला तर ती "डोळा वटारून बसलेला" म्हणते.

गवंडी गुरुवारी येतोय. मी स्वतः समोर बसणार आहे, थापीवर नजर ठेवून. धुळ्यात मेगर कोणाकडे मिळेल?

वायरमन_देवपूर
माझ्याकडे आहे. इन्सुलेशन बोर्ड आणायला विसरू नका. बुधवारी संध्याकाळी या, आधी उघडी केबल तपासू.

पांझरेकाठी
सोलरचा विचार केलात का?