‘यॉट’ला काय म्हणावं? आणि शिडं फुगलेली की ताणलेली?

प्रश्न : अमेरिकी सागरचित्रकार फिट्झ हेन्री लेनच्या १८५१च्या चित्राबद्दल लिहितोय. ‘अमेरिका’ ही यॉट इंग्लंडजवळच्या वाइट बेटाभोवतीची शर्यत जिंकते आहे, असा विषय. ‘शिडं टम्म फुगलेलं गलबत’ लिहिलं तर चालेल का? आणि त्या शर्यतीच्या चषकाला पुढे मिळालेलं नाव ‘अमेरिकेचा चषक’ असं लिहू का?

– गलबत नको. गलबत म्हटलं की आंग्र्यांचं आरमार डोळ्यांपुढे येतं. इथे पैसेवाल्यांची हौस आणि पैजा. सरळ ‘यॉट’ लिहा. अपोलो बंदरावरच्या क्लबाला मुंबईकर यॉट क्लबच म्हणतात की! शब्द मुळात डच, पाठलाग-शिकारीच्या अर्थाचा. १६६०मध्ये आम्स्टरडॅमने इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला एक यॉट भेट दिली. पुढच्याच वर्षी राजा आणि त्याचा भाऊ थेम्समध्ये १०० पौंडांची पैज लावून शर्यत खेळले.

– ‘क्रीडानौका’?

– परिपत्रकात शोभेल. शिवाय त्यात वल्ह्यांच्या होड्याही येतात.

– मला तर ‘टम्म फुगलेली’च जास्त खटकतंय. ‘अमेरिका’ जिंकली त्यात शिडं न फुगण्याचा मोठा वाटा होता! इंग्रजांची शिडं तागासारख्या जवसाच्या धाग्याची, पोट सुटलेली. हिची यंत्रावर विणलेल्या सुती कापडाची, खालच्या आडव्या दांड्याला घट्ट बांधलेली, जवळजवळ सपाट. अशा शिडांवर बोट वारा येतो त्या दिशेच्या जास्त जवळ तोंड धरते, वाऱ्याविरुद्ध कमी नागमोडी वळणांत पुढे सरकते. लेन स्वतः शर्यतीला हजर नव्हता, ब्रायर्ली या चित्रकाराच्या रेखाटनावरून त्याने चित्र केलं. पण दोरखंड-शिडांचा तो पक्का जाणकार. मागे कललेल्या डोलकाठ्या बघा. ‘ताणलेली शिडं’ लिहा.

– आणि ‘अमेरिकेचा चषक’ साफ चूक. चषकाला नाव देशाचं नाही, बोटीचं आहे. ‘अमेरिका चषक’ म्हणा, किंवा रूढ झालेलं ‘अमेरिकाज कप’. न्यूयॉर्क यॉट क्लबकडून तो पहिल्यांदा गेला थेट १९८३मध्ये, ‘ऑस्ट्रेलिया २’ या बोटीकडे. बिचारी ‘अमेरिका’ बोट मात्र १९४२मध्ये अमेरिकेतल्या ॲनापोलिसला बर्फाच्या भाराने शेडचं छप्पर कोसळून चिरडली गेली.

प्रश्नकर्ता : मग ‘ताणलेल्या शिडांची स्कूनर’? ‘स्कूनर’ वाचकाला कळेल?

– नाही कळणार. पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य घाला : डोलकाठ्या दोन, मागची जरा उंच, आणि शिडं बोटीला आडवी न टांगता लांबीच्या दिशेने लावलेली. पुढे बिनधास्त ‘स्कूनर’ वापरा.