सुलोचनाला म्हणे बोलता येत नव्हतं!

गिरगावकर: दादरकरांनी काल ठोकून दिलंय की बोलपट आला आणि मूकपटांची नायिका सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, एका रात्रीत संपली, कारण तिला बोलताच येत नव्हतं. वर फोटो दुसऱ्याच नटीचा, सुलोचना लाटकरांचा! अहो, १९३१ ला आमच्या मॅजेस्टिकला ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, लागला. बाई हिंदुस्तानी शिकायला बसली आणि १९३२ ला ‘माधुरी’ घेऊन हजर. ‘अनारकली’ १९२८ ची मुकी, १९३५ ची बोलकी, दोन्हीत नायिका तीच. ही संपलेली बाई?

दादरकर: आणि १९५३ च्या ‘अनारकली’त? सलीमची आई! गव्हर्नरपेक्षा जास्त पगार घेणारी बाई शेवटी आईच्या कामांवर आली, याला मी तरी संपणंच म्हणतो.

गिरगावकर: गव्हर्नरचा पगार ही ऐकीव गोष्ट. पावती पाहिलीत?

ऑपरेटरची लेक: बोलता येत नव्हतं काय? सिनेमात यायच्या आधी ती टेलिफोन ऑपरेटर होती! माझी आई फोर्टात बत्तीस वर्षं त्याच खुर्चीवर. हेडफोननं कानामागे घट्टा पडलेला. इंग्रजी, गुजराती, मराठी एका दमात. घरी भाजीवाल्यालासुद्धा ‘होल्ड करा’ म्हणायची.

दादरकर: होल्डच करायला लावायच्या सगळ्या. आजोबा गेले तेव्हा साताऱ्याचा ट्रंक कॉल सहा तासांनी लागला. तोवर इथं अंत्यविधी उरकला होता. काका अजून बोलून दाखवतात.

ऑपरेटरची लेक: लाइन आई विणत नव्हती हो! तुमच्यासारखे तिच्यावर खेकसायचे. जेवणाच्या सुट्टीत ती जिन्यात रडून यायची आणि परत गोड आवाजात ‘नंबर प्लीज’.

गिरगावकर: धागा सिनेमाचा आहे, एक्स्चेंजचा नाही.

ऑपरेटरची लेक: सिनेमाचंच सांगतेय. आवाज होताच, अडलं ते उर्दू संवादांवर. तेही शिकली. तुम्ही हिंदीत रिक्षावाल्याशी बोलून दाखवा आधी.

प्रोजेक्टरवाला: ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’त, १९२७ ला, एकटीनं आठ भूमिका केल्या. पुरुषाचीसुद्धा. इथं किती जणांनी तिचा एक तरी मूकपट पाहिलाय? बहुतेकांची रिळं उरलीच नाहीत. भांडा आता.

दादरकर: बरं बाबांनो, ‘संपली’ मागे घेतो, ‘उतरली’ लिहितो. १९७३ चा फाळके पुरस्कारही तिच्या पदरात टाकतो. खूश? आणि काकांना सांगतो, ऑपरेटरचा दोष नव्हता. ऐकायचे नाहीत.

ऑपरेटरची लेक: उपकार झाले. फोटो मात्र अजून सुलोचनादीदींचाच आहे.