वाफ उठून दिसते ती मागच्या उजेडामुळे
फोटो काढताना सूर्य कायम आपल्या पाठीशी असावा, हा नेहमी दिला जाणारा सल्ला नवशिक्यांसाठी ठीक आहे, पण त्याने रोजच्या कितीतरी गोष्टी सपाट दिसतात. चहाची वाफच घ्या. समोरून उजेड पडला तर ती जवळजवळ दिसतच नाही. खिडकी कपाच्या मागे आणि किंचित बाजूला ठेवा, कपामागे काहीतरी गडद येऊ द्या, मग वाफेचा एकेक पीळ उठून दिसतो. खिडकीच फोटोच्या चौकटीत आली तर मात्र सगळं फुकट. पिंपळाच्या कोवळ्या पानाचंही तेच, ऊन पलीकडून आलं की शिरांची जाळी उजळते.

उजेड मागून असला की माणसाचा चेहरा काळा पडतो, ही तक्रार खरी आहे. कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे उजेड मोजणारी यंत्रणा, सगळं दृश्य मध्यम करड्या छटेवर आणू पाहतो, त्यामुळे मागे झगझगीत आकाश असलं की चेहऱ्याचा बळी जातो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो किती उजळ यावा हे कमी-जास्त करण्याची सोय, +१ ते +१.५ ठेवून बघा. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवून ब्राइटनेस वर सरकवा. आकाश पांढरं पडेल, पडू द्या. केसांभोवतीची सोनेरी कड मला त्याहून मोलाची वाटते. ऊन थेट लेन्सवर येऊन फोटो धुरकट होत असेल, तर वरून तळहाताची सावली धरली तरी पुरते.