शिकवणीनंतरची दहा मिनिटं वाया जातात का?

गणिताची ताई, दांडिया बाजार
इथे बडोद्यात माझ्याकडे नववी-दहावीची मुलं गणिताच्या शिकवणीला येतात. तास संपला की मी त्यांना दहा मिनिटं नुसतं बसवते. वह्या मिटलेल्या, मोबाईल टोपलीत, बोलणं बंद. परवा एका मुलाचे बाबा दारातच म्हणाले, "फी शिकवायची भरतो, बसवायची नाही." तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

ही मुलं माझ्याकडून निघतात ती रील बघतच पुढच्या क्लासला. जेवताना टीव्ही, झोपेपर्यंत कानात काहीतरी. दुसऱ्या दिवशी विचारावं तर कालचं अर्धं पुसलेलं. पोरं मंद नाहीत हो. गिरणीतून आणलेलं गरम पीठ आपण लगेच डब्यात भरत नाही, आधी निवू देतो. डोक्याला तेवढीही सवड मिळत नाही.

एडिनबरा विद्यापीठातल्या मिकेला ड्यूअर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना दोन छोट्या गोष्टी ऐकवल्या. एकीनंतर दहा मिनिटं अंधाऱ्या खोलीत शांत बसवलं, दुसरीनंतर दोन चित्रांतले फरक शोधायला दिले. शांत बसण्याआधी ऐकलेली गोष्ट जास्त आठवली, सात दिवसांनीसुद्धा. फरक शोधणं काही जड काम नव्हे. पण नवं काहीतरी आत येत राहिलं, तेवढ्यानंच आधीचं निसटलं.

मांजलपूरचा बाप
ताई, माझा मुलगा तुमच्याकडे येत नाही, पण मीही तेच म्हटलं असतं. त्या प्रयोगातली माणसं साठी ओलांडलेली होती. पंधरा वर्षांच्या पोरांना ते लावायचं कसं?

आणि मेंदू विसावा घेतच नाही. वजनात शरीराच्या २ टक्के, पण ऊर्जा २० टक्के खातो, आणि काम दिलं तरी त्यात फारशी भर पडत नाही. मेंदूशास्त्रज्ञ मार्कस रायकल यांच्या गटानं २००१ मध्ये मांडलं, की माणूस रिकामा असताना मेंदूचे काही भाग उलट जास्त चालतात. काय करतात ते आमच्या घरी दिसतं: मुलगा रिकामा बसला की किती मार्क जातील हेच मोजतो. २०१० मध्ये किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २,२५० जणांना दिवसभरात अधूनमधून विचारलं, आत्ता मन कुठे आहे? जवळपास ४७ टक्के वेळा ते हातातल्या कामावर नव्हतं, आणि भटकलेल्या मनाची माणसं कमी सुखी होती. त्यापेक्षा क्रिकेट खेळू दे.

कारेलीबागेतली काकू
आमचे हे गेल्यापासून पहाटे पाचला रेडिओ लावते तो रात्रीपर्यंत. बंद केला की घर अंगावर येतं. शांतता सगळ्यांना औषध म्हणून देऊ नका, एवढंच.

सुरसागरकाठचा
आपल्या बडोद्यातलंच घ्या. १९०८ च्या जानेवारीत विष्णु भास्कर लेले या मराठी योग्यानं अरविंद घोषांना मजुमदारांच्या वाड्यात, वरच्या खोलीत बसवलं. विचार बाहेरून येताना बघ, आत शिरायच्या आधीच परतव, असं सांगितलं. तीन दिवसांत मन निःशब्द झालं, असं अरविंदांनी स्वतः लिहून ठेवलंय. पण शेजारी लेले बसले होते! नुसतं "गप्प बसा" म्हणून पोराला काही मिळत नाही, कसं बसायचं तेही शिकवावं लागतं.

गणिताची ताई, दांडिया बाजार
वयाचा मुद्दा मान्य. त्या प्रयोगावरून मुलांबद्दल छातीठोक बोलता येणार नाही. पण रायकल यांचं म्हणणं मला माझ्याच बाजूचं वाटतं. रिकामपणी चालणारे ते भाग बाहेरच्या कामात लक्ष घातलं की मागे सरतात. आठवणी जुळवणं, स्वतःचा विचार, पुढचं चित्र रंगवणं यांत त्यांचा हात असतो. दिवसभर डोळ्यांसमोर काहीतरी सरकत राहिलं तर त्यांची पाळी येणार कधी?

काकू, रेडिओ बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. तुमचं वाचून कालपासून एक बदल केलाय. ज्याला बसवत नाही त्यानं स्वयंपाकघरात येऊन माझ्यासोबत मटार सोलायचे. हात चालू, डोकं मोकळं. बाकीचे झोपाळ्यावर बसतात, समोरच्या कडुनिंबाकडे बघत. काल दोघांनी मटार सोलले. त्यातला एक आपणहून बोलला, अपूर्णांकांची भीती वाटते म्हणून. वर्षभरात पहिल्यांदा.

मांजलपूरचा बाप
मटार पटले. पण परीक्षेच्या आठवड्यात तरी ती दहा मिनिटं सरावाला द्या.

गणिताची ताई, दांडिया बाजार
नाही दादा. त्या आठवड्यात तर मुळीच नाही.