वादळाचा इशारा असताना लेक डिस्ट्रिक्टमध्ये डोंगरावर मुक्काम करावा का?

दगडधोंडे (धागाकर्ता):
इंग्लंडातली आपली बरीच मंडळी लेक डिस्ट्रिक्टच्या फेल्सवर, म्हणजे तिथल्या उघड्याबोडक्या डोंगरांवर, रकसॅक घेऊन भटकतात. हल्ली नवं खूळ दिसतंय. वादळाला नाव पडलं की मुद्दाम त्याच रात्री वर तंबू ठोकायचा, फडफडीचा व्हिडिओ काढायचा, शाबासक्या गोळा करायच्या. माझं मत सरळ आहे: हवामान खात्याचा पिवळा इशारा असेल तर वर मुक्काम नको. अडकलात तर सोडवायला पगारी माणसं येत नाहीत. माउंटन रेस्क्यूची पथकं स्वयंसेवकांची. ताटावरून उठून येतात आणि छदाम घेत नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये इथल्याच रेड स्क्रीज डोंगरावर तंबूतल्या एकाच्या छातीत दुखू लागलं. रात्री मदतीला निघालेला स्वयंसेवक दीडशे मीटर खाली कोसळला आणि जन्माचा जायबंदी झाला.

खुंटीदोर:
उदाहरण भलत्या जागी लावताय. छातीतली कळ काही वादळाने आली नव्हती, आणि बोंब झाली ती लॉकडाउन मोडल्याची. त्यापेक्षा ऑक्टोबर २००८ आठवा. इथल्या बॉरोडेल खोऱ्यात ‘ओरिजिनल माउंटन मॅरेथॉन’ होती. दोन दिवसांची शर्यत, तंबू-शिधा स्वतःच्या पाठीवर. वादळामुळे पहिल्याच दिवशी थांबवली. बातम्यांत सतराशे माणसांचा ठावठिकाणा नाही म्हणून हलकल्लोळ! प्रत्यक्षात बहुतेक जण तंबूत, शेतघरांत, होनिस्टरच्या खाणीवर आसऱ्याला होते. काहींना दवाखान्यात न्यावं लागलं, पण दगावलं कोणी नाही. तयारीची माणसं होती ती.

पावसाळी_भटक्या:
+१ खुंटीदोर. भर पावसात हरिश्चंद्रगड चढणारे आपण. इंग्लंडचं सर्वोच्च शिखर स्काफेल पाइक ९७८ मीटर, आपली कळसूबाई १६४६. उगाच बाऊ कशाला?

केझिकची_काकू:
अहो भटक्या, आषाढात भिजून तुम्ही गडावरच्या गुहेत पिठलं-भाकरी खाता. इथे नोव्हेंबरात वर चार-पाच अंश, त्यात वारा. ओल्या अंगाने थांबलात की आधी बोटांना बुटाची नाडी सुटेनाशी होते, मग माणूस चिडतो, मग बरळतो, आणि वर ‘मला काही झालेलं नाही’ म्हणून हुज्जत घालतो. उंचीचं काय घेऊन बसलात!

आणि सगळे वाऱ्यावरच बोलताय, पाण्याचं काय? बॉरोडेलमधल्या सीथवेट गावाला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. डिसेंबर २०१५ च्या डेझमंड वादळात होनिस्टर खिंडीत २४ तासांत ३४१.४ मिलिमीटर, ब्रिटनमधला उच्चांक. (मुंबईकर लगेच २६ जुलैचे ९४४ काढतील. काढू देत.) सकाळी दगडावरून टुणकन ओलांडलेला ओढा संध्याकाळी कमरेला लागतो, आणि परतीची वाट पलीकडे. तंबू टिकला तरी तुम्ही अडकलातच की.

खुंटीदोर:
काकू, पाण्याचं शंभर टक्के मान्य. म्हणूनच सरसकट ‘जाऊ नका’ कुचकामी आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की तंबूवरचा दाब चौपट होतो, हे ज्याला कळलं तो स्टायहेड टार्न तळ्याच्या काठी, खिंडीच्या तोंडावर, तंबू टाकणारच नाही. आडोसा शोधेल, निमुळती बाजू वाऱ्याकडे करेल, सगळ्या दोऱ्या ताणेल, दलदलीत खुंटी धरत नसेल तर वर धोंडा ठेवेल. शिखरांवरच्या वाऱ्याचा अंदाज वेगळा मिळतो, तो वाचेल. माझ्यापुरतं, झोत ताशी चाळीस मैलांपुढे असतील तर गुपचूप खालची कॅम्पसाइट. पिवळा इशारा अख्ख्या टापूला असतो. डोंगराची कुठली बाजू निवांत, ते तो सांगत नाही.

दगडधोंडे:
एवढा विचार करणारे बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे व्हिडिओ बघून जातात. शिवाय लेक डिस्ट्रिक्टमध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय मुक्कामाचा हक्कच नाही. सगळ्यात वरच्या दगडी कुंपणापलीकडे, वाटेपासून लांब, एक रात्र राहून सकाळी निघालात तर चालवून घेतात, इतकंच. दक्षिणेकडच्या डार्टमूर माळरानावर परवानगीविना तंबू टाकण्याचा हक्क मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला, तसा आधार इथे नाही. असे चार तमाशे झाले की चालवून घेणंही संपेल.

पावसाळी_भटक्या:
ते रेस्क्यूवाले तरी कुठे बंदी मागतात?

दगडधोंडे:
भली माणसं आहेत, नाही मागत. म्हणून आपण सोकावायचं?