शेअर्ड फोल्डर तेवढा सांभाळा
८ जीबी रॅमवर व्हर्च्युअल मशीन (म्हणजे आपल्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा कॉम्प्युटर) चालेल का आणि आतला व्हायरस बाहेर येतो का, असं विचारलंय ना. चालतं की, फक्त आतल्या विंडोजला ४ जीबी दिलं की बाहेर क्रोमचं दुकान आवरतं घ्यायचं. त्यासाठी मी व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर वापरतो, फुकट आहे, २०२४ पासून तसलंच व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रोपण फुकट झालंय. आत ६४ बिटचं विंडोज टाकायचा पर्यायच दिसत नसेल तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू करा, माझा अख्खा रविवार यात गेलाय. व्हायरस सहसा बाहेर येत नाही, पण दार आपणच उघडं ठेवतो, शेअर्ड फोल्डरला, म्हणजे आत-बाहेर दोन्हीकडून दिसणाऱ्या फोल्डरला, लिहायची परवानगी दिली की आतलं रॅन्समवेअर (फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) त्यातल्या फायलींना आरामात कुलूप लावणार. संशयास्पद काही उघडायच्या आधी स्नॅपशॉट घ्या (मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवायची, म्हणजे परत तिथे जाता येतं), शेअर्ड फोल्डर नि आत-बाहेरचं कॉपी-पेस्ट (क्लिपबोर्ड) बंद, नेट तोडा. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाही हां, तो त्याच डिस्कवर पडलेला असतो.